फळीवरची किंमत आणि गल्ल्यावरची किंमत : चांदे परिसरातील ग्राहकाच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : कमाल किरकोळ किंमत, किंमतपट्टी, स्वयंसेवा दुकान, अनुचित व्यापारी प्रथा, ग्राहकसेवा, मुळशी तालुका

प्रस्तावना

मुळशी तालुक्यातील चांदे या गावाचे नाव शेजारच्या नांदे गावाच्या जोडीनेच घेण्याची रीत आहे. तालुक्याचे ठिकाण पौड असले, तरी हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत विस्तारत गेली तसा या परिसराचा व्यवहारातील ओढा पुणे शहराच्या बाजूला झुकत गेला. त्याचा एक परिणाम वाणसामानाच्या खरेदीवर दिसून येतो. चहापत्ती, काडेपेटी, पाव किलो साखर अशा अडीअडचणीच्या वस्तू जवळच्या किराणा दुकानातून, पुष्कळदा वहीवर मांडून, आणल्या जातात; महिन्याचा मोठा बाजार मात्र शहराच्या बाजूच्या स्वयंसेवा दुकानातून होतो. अशा रीतीने एकच कुटुंब एकाच महिन्यात किमतीच्या दोन निरनिराळ्या व्यवस्थांमध्ये वावरत असते. पहिल्या व्यवस्थेत किंमत विचारली जाते, दुसरीत ती वाचली जाते.

वरवर पाहता हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु ग्राहकाच्या सावधगिरीची सगळी दिशाच त्यामुळे बदलते. किराणा दुकानात भाव दुकानदाराच्या तोंडून येतो. तो पटला नाही तर घासाघीस करता येते, आणि एकदा सांगितलेला भाव पैसे घेताना बदलणे ओळखीच्या माणसाला सहसा परवडत नाही. तेथे संशय भावाचा नसतो, वजनाचा असतो. ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार याच अनुभवातून आला आहे आणि जुन्या पिढीची नजर तराजूच्या काट्यावर खिळलेली असते ती त्यामुळेच. स्वयंसेवा दुकानात पुडा आधीच बांधलेला व तोललेला असतो. काटा दृष्टीआड गेलेला असतो. तेथे जपायची गोष्ट काट्याऐवजी फळीच्या कडेला लावलेली कागदी किंमतपट्टी ही असते; पण पिढ्यानपिढ्यांची सवय इतक्या लवकर जागा बदलत नाही.

समजा, चांदे येथील एका गृहिणीने तूरडाळीचा पुडा उचलला. पुड्यावर छापील किंमत २१० रुपये आहे, फळीवरील पट्टीवर १६२ रुपये असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि घरी येऊन बिल पाहिले असता त्यात १७८ रुपये लागलेले आहेत. दुकानाने छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेतलेला नाही. बिलाच्या तळाशी तर ‘आपली बचत ३२ रुपये’ असेही छापलेले आहे. मग तिची फसवणूक झाली की नाही? झाली असल्यास ती कोणत्या कायद्याने सिद्ध होते? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे. भारतीय कायद्याने आपली बहुतेक शक्ती छापील किमतीच्या रक्षणासाठी खर्च केली असून, ज्या किमतीकडे पाहून ग्राहक प्रत्यक्षात निर्णय घेतो ती फळीवरची किंमत मात्र जवळजवळ बेवारस राहिली आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

छापील किमतीची कमाई

छापील किंमत ही मुळात लहान यश नव्हे. १९७२-७३ च्या दुष्काळात व महागाईत मुंबईच्या रस्त्यांवर निघालेले लाटणे मोर्चे, १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात रोवलेली ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ आणि १९७५ साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत ही त्या काळातील महाराष्ट्राच्या जागृतीची ठळक चिन्हे आहेत. १९७६ चा वजने व मापे यांच्या प्रमाणांविषयीचा कायदा आणि त्याखाली १९७७ साली आलेले आवेष्टित वस्तूंचे नियम यांनी पुड्यावर वजन, उत्पादकाचे नाव आणि किंमत छापणे सक्तीचे केले. तथापि सुरुवातीच्या नियमांत ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापण्याची सवलत होती, आणि कर नेमका किती हे ग्राहकाला ठाऊक नसल्याने विक्रेता सांगेल तो कर द्यावा लागे. १९९० च्या दुरुस्तीने ‘सर्व करांसहित’ हे शब्द किमतीला जोडले गेले आणि ही वाट बंद झाली. पुढे वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ व त्याखालील २०११ चे नियम आले. छापील किमतीहून अधिक दराने विक्री करण्यास आणि ती किंमत खोडण्यास वा बदलण्यास त्या नियमांनी मनाई केली आहे. एकाच वस्तूवर दोन ठिकाणांसाठी दोन छापील किमती ठेवण्याची प्रथाही १ जानेवारी २०१८ पासून बंद करण्यात आली.

या तटबंदीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी मुंबईतील एका प्रकरणातून स्पष्ट होतात. २०१४ च्या जून महिन्यात मुंबई सेंट्रल परिसरातील एका उपाहारगृहाने आइस्क्रीमच्या १६५ रुपये छापील किमतीच्या पुड्यास १७५ रुपये घेतले. ग्राहक पोलीस उपनिरीक्षक होते. त्यांनी तक्रार केली. थंड ठेवण्यासाठी खर्च येतो, असा उपाहारगृहाचा बचाव होता. दूध व शीतपेये यांवर एक-दोन रुपये ‘कूलिंग’चे म्हणून घेणाऱ्या दुकानदाराकडून हाच बचाव पुणे जिल्ह्यातही ऐकावयास मिळतो. उपाहारगृहात बसलेल्या ग्राहकाला पाण्याची बाटली छापील किमतीहून अधिक दराने देता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय आहे. कारण तेथे वस्तूबरोबर सेवाही विकली जाते. मात्र या प्रकरणातील ग्राहकाने आत बसून सेवा घेतली नव्हती, खरेदी काउंटरवरून केली होती. २०२० साली ग्राहक मंचाने उपाहारगृहाला दोन लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरण्याचा आदेश दिला. दहा रुपयांसाठी दोन लाख रुपये ही बातमी झाली. त्या दहा रुपयांसाठी सहा वर्षे लागली, या दुसऱ्या बाजूची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

येथे लक्षात घेण्याचा मुद्दा असा की, हा खटला सोपा होता. पुड्यावरचा आकडा आणि बिलावरचा आकडा शेजारी ठेवले की पुरावा पूर्ण होत होता. तूरडाळीच्या पुड्याच्या उदाहरणात तसे होत नाही.

कायद्यातील चार किमती

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(६) मध्ये जादा किंमत घेतल्याबद्दलची तक्रार कशी असावी हे सांगितले आहे. त्यात चार किमतींचा उल्लेख येतो : कायद्याने ठरवून दिलेली, वस्तूवर किंवा तिच्या आवेष्टनावर दर्शविलेली, कायद्यानुसार लावलेल्या दरपत्रकात दर्शविलेली, आणि उभय पक्षांत ठरलेली. यांपैकी कोणत्याही किमतीपेक्षा अधिक रक्कम घेतली गेल्यास तक्रारीस जागा मिळते.

फळीवरची पट्टी या चारांपैकी कोणत्या प्रकारात बसते? तूरडाळीची किंमत सामान्यतः कायद्याने ठरलेली नसते. पट्टी पुड्यावर नसून पुड्याखालच्या लाकडावर वा पत्र्यावर चिकटवलेली असते. तीच पट्टी चार बोटे वर पुड्याला चिकटवली असती तर दुसरा प्रकार निश्चितपणे लागू झाला असता. तिसरा प्रकार शिधावाटप दुकानातील भावफलकासारख्या सक्तीच्या दरपत्रकांचा आहे. दुकानाने आपणहून लावलेली पट्टी त्यात येते असे ठामपणे म्हणता येत नाही. राहता राहिली ‘उभय पक्षांत ठरलेली’ किंमत. सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे दुकानाने १६२ म्हटले, ग्राहकाने ते वाचून पुडा उचलला, म्हणजे किंमत ठरली. कराराच्या कायद्याची समजूत मात्र वेगळी आहे.

१९५३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीविरुद्धचा एक दावा निकालात निघाला. भारतीय विधी महाविद्यालयांतही करारकायद्याच्या पहिल्याच प्रकरणात तो शिकवला जातो. काही औषधे नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच विकावीत असा तेथे नियम होता. स्वयंसेवा दुकानात ग्राहकाने फळीवरून बाटली उचलली त्या क्षणीच विक्री झाली असे मानले, तर नियमभंग होत होता. न्यायालयाने सांगितले की, फळीवर माल मांडणे हा प्रस्ताव नसून केवळ प्रस्तावाचे निमंत्रण आहे. प्रस्ताव ग्राहक गल्ल्यापाशी करतो आणि दुकान तो तेथे स्वीकारते. औषधांच्या देखरेखीच्या दृष्टीने हा निर्णय समंजस होता. ग्राहकाने उचललेली वस्तू विचार बदलून परत ठेवता यावी, हा लाभही त्यात आहे. परंतु किमतीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो की फळीवरचा आकडा दुकानाला बांधून ठेवत नाही. औषधाच्या बाटलीसाठी घडवलेले तत्त्व तूरडाळीला लागू करताना न्यायाचा तोल ढळतो, हे मान्य करावयास हवे.

तरीही मार्ग पूर्णपणे बंद नाही. ज्या किमतीला वस्तू सामान्यतः विकली जाते तिच्याविषयी लोकांची ठळकपणे दिशाभूल करणे ही कलम २(४७) नुसार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. सवलतीच्या किमतीची जाहिरात करून त्या किमतीला वस्तू देण्याचा उद्देशच नसणे, हेही तीत येते. म्हणजे फळीवरची पट्टी ‘जादा किंमत’ या सोप्या दारातून आत येत नाही. तिला ‘दिशाभूल’ या अवघड दारातून यावे लागते. पहिल्या दारात आकडे पुरतात. दुसऱ्यात दिशाभूल झाली हे पटवून द्यावे लागते, आणि तोपर्यंत ती पट्टी फळीवरून निघालेली असते.

संगणकाच्या पडद्यावरील दुकानाशी तुलना केली म्हणजे ही विसंगती अधिक जाणवते. ई-वाणिज्यविषयक २०२० च्या नियमांनी सर्व आकार धरून एकच एकूण किंमत दाखविणे बंधनकारक केले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या टप्प्यावर ती वाढविणे आणि ग्राहकाच्या नकळत त्याच्या टोपलीत वस्तू टाकणे, या क्लृप्त्यांना नावानिशी मनाई केली आहे. पडद्यावर जे निषिद्ध ठरले त्याच धर्तीचा थेट नियम फळीसाठी मात्र नाही. मोबाइलवर डाळ मागविणाऱ्या हिंजवडीतील अभियंत्याला जे संरक्षण स्पष्ट शब्दांत मिळते, ते पिशवी घेऊन दुकानात जाणाऱ्या चांदे येथील गृहिणीला केवळ अर्थ लावून मिळते.

पट्टी चुकते कशी

प्रत्येक चूक ही लबाडी असते असे समजणे शास्त्रीय दृष्टीला धरून होणार नाही. स्वयंसेवा दुकानात वस्तूची किंमत दोन जागी राहते. एक जागा म्हणजे दुकानाच्या संगणकातील किंमतसूची. बारकोड वाचला की बिलात येते ती हीच. दुसरी जागा म्हणजे फळीवरचा कागद. किंमतसूची मुख्य कार्यालयातून एका क्षणात बदलता येते. कागद मात्र माणसाने फळी-फळीपाशी जाऊन बदलावा लागतो. हजारो वस्तू, आठवड्याच्या शेवटी सुरू होणाऱ्या व संपणाऱ्या सवलती, आणि दुकान उघडण्यापूर्वी हे काम उरकू पाहणारे मोजके, पुष्कळदा कंत्राटी, कर्मचारी. सूची पुढे जाते आणि कागद मागे राहतो.

भारतात या अडचणीला आणखी एक पदर आहे. बारकोड वस्तूची ओळख सांगतो, तिची छापील किंमत सांगत नाही. कंपनीने किंमत वाढविली तरी बारकोड पुष्कळदा तोच राहतो. त्यामुळे एकाच फळीवर जुन्या व नव्या किमतीचे पुडे मिसळतात, आणि गल्ल्यावरील कर्मचाऱ्यापुढे संगणक दोन-तीन छापील किमती उभ्या करून ‘यांपैकी कोणती?’ असे विचारतो. पुडा उलटवून बघण्यास त्याला सवड नसते. तो पहिलीवर बोट ठेवून मोकळा होतो.

वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले तेव्हा हा गोंधळ सर्वांनाच पाहावयास मिळाला. शिल्लक साठ्यावर सुधारित किमतीची चिकटपट्टी लावण्याची मुभा देण्यात आली होती, मात्र मूळ छापील किंमत झाकावयाची नव्हती. पुड्यावर दोन आकडे, फळीवर तिसरा आणि बिलात चौथा, अशी परिस्थिती उद्भवणे त्या काळात मुळीच अशक्य नव्हते. छापील किमतीवर श्रद्धा ठेवण्यास शिकलेल्या ग्राहकाला ती श्रद्धा काही काळ बाजूला ठेवावी लागली.

चूक आणि लबाडी यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. चूक दोन्ही बाजूंनी होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली २९४ दुकानांतील १७,२९८ वस्तू तपासल्या, तेव्हा ४.८२ टक्के वस्तूंची किंमत चुकीची लागल्याचे आढळले. पण त्यांत ग्राहकाला कमी किंमत लागलेल्या वस्तू २.५८ टक्के आणि जास्त लागलेल्या २.२४ टक्के होत्या. म्हणजे एकूण चुका दुकानाच्या थोड्या तोट्याच्याच होत्या. एखाद्या दुकानातील चुका सतत एकाच बाजूला झुकत असतील, किंवा निदर्शनास आणून दिल्यावरही तीच पट्टी दुसऱ्या दिवशी जागेवर असेल, तर त्या चुकांना चुका म्हणणे कठीण आहे.

याहून सूक्ष्म प्रकार असा की पट्टी व बिल यांचा आकडा एकच असतो, तरी दिशाभूल होते. छापील किंमत किती असावी यावर, औषधांसारखे अपवाद सोडल्यास, कायद्याचे बंधन नाही. उत्पादकाने ती फुगवून छापावी आणि दुकानाने ‘५० टक्के सूट’ लिहावी, यात छापील किमतीच्या नियमांचा भंग होत नाही. ज्या किमतीला वस्तू कधी विकलीच गेली नाही तिच्यावर सूट मिळाल्याचा आनंद ग्राहक घरी घेऊन जातो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने यावर सोपा तोडगा काढला : सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगितली पाहिजे. ९०० ग्रॅमचा पुडा किलोच्या पुड्याशेजारी मांडून तो स्वस्त भासविणे, हा आणखी एक प्रकार. त्यावर उपाय म्हणून २०२१ च्या दुरुस्तीने पुड्यावर दर ग्रॅम वा दर किलोची एकक किंमत छापण्याची तरतूद केली. ती किंमत पुड्यावर असते. पण पाहावी लागते भिंगातून.

गल्ल्यापाशी

चुकीच्या पट्टीपेक्षा ग्राहकाला अधिक लागते ती त्यानंतरची वागणूक. सेवेची निकृष्टता ही पुष्कळदा कर्मचाऱ्याच्या उद्धटपणापेक्षा त्याच्या अधिकारशून्यतेतून जन्मते, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. किराणा दुकानातील माणूस मालक असतो. ‘राहू द्या, दोन रुपये कमी द्या’ असे तो म्हणू शकतो. स्वयंसेवा दुकानात गल्ल्यावर बसलेल्या मुलीला बिलातील एक ओळही रद्द करण्याची मुभा बहुधा नसते. त्यासाठी पर्यवेक्षकाची किल्ली वा सांकेतिक शब्द लागतो. पर्यवेक्षक दुसऱ्या टोकाला असतो. तो येईपर्यंत रांग थांबते आणि मागच्या दहा माणसांचा रोष दुकानावर न जाता ग्राहकावर येतो. सोळा रुपयांसाठी एवढे? हा प्रश्न कोणी उच्चारत नाही, पण तो ऐकू येतो.

मराठीत ‘गिऱ्हाईक’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक खरेदीदार, आणि दुसरा ज्याची टर उडवली जाते तो. ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ हा प्रयोग सर्वपरिचित आहे. रांगेत उभे राहून बिलाविरुद्ध बोलणाऱ्या खेड्यातील स्त्रीला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी अनुभवावे लागतात. पुणेरी पाट्यांची थट्टा महाराष्ट्रभर होत असते. परंतु ‘दुकान १ ते ४ बंद राहील’ ही पाटी निदान खरे बोलते. ‘बेस्ट प्राइस’च्या गोड पट्टीविषयी तसे म्हणता येत नाही.

सुट्या पैशांऐवजी चॉकलेट देणे, दुकानाचे नाव छापलेली पिशवी न विचारता बिलात धरणे, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे हे याच वर्गातील अनुभव होत. यांपैकी पिशवीबाबत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २२ डिसेंबर २०२० च्या निर्णयात, आधी कल्पना न देता गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित प्रथा ठरविली. सदोष वस्तूबाबत २०१९ च्या कायद्याने अधिक स्पष्टता आणली. बिल न देणे आणि सदोष माल बिलात नमूद मुदतीत, मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी आता अनुचित व्यापारी प्रथा आहेत. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अनेक दुकानांत आजही दिसते. सदोष मालाच्या बाबतीत तिला कायद्याचा आधार नाही.

भाषेचा प्रश्न

मुळशीसारख्या तालुक्याच्या संदर्भात याहून मूलभूत असा एक मुद्दा आहे. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार पुड्यावरील मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. अन्य भाषा त्यात जादा म्हणून वापरता येते. व्यवहारात बहुतेक पुडे इंग्रजीत असतात. महाराष्ट्रात दुकानाच्या नामफलकावर ठळक मराठी असावी याचा कायदा आहे, त्यासाठी खटले व आंदोलनेही झाली. दाराबाहेरचा फलक मराठी झाला. दाराच्या आतील पट्टीची भाषा हा त्या आंदोलनाचा विषय झाला नाही. ‘बाय टू गेट वन’, ‘अप टु’, ‘टी अँड सी अप्लाय’ हे शब्द अनेक पट्ट्यांवर इंग्रजीत आणि बारीक टायपात असतात. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ आणि ‘५० टक्के सूट’ यांतील अंतर एका शब्दाचे आहे, आणि नेमका तोच शब्द न वाचता येणाऱ्या भाषेत लिहिलेला असतो. मराठी चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या, हिशेबात पक्क्या असलेल्या स्त्रीला आकडा समजतो, त्याची अट समजत नाही. गल्ल्यावर ती हरते ती येथे. आणि ‘पाटीवर लिहिले होते की’ हे उत्तर तिला निरुत्तर करते.

दाद कोठे मागावी

चांदे येथील ग्राहकाला पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथे तक्रार दाखल करता येत असल्याने दुकान कोणत्या हद्दीत आहे हा प्रश्न उरलेला नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार संगणकाद्वारेही करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा त्याआधीचा सोपा टप्पा. पुराव्यासाठी बिलाबरोबर पट्टीचे छायाचित्र हवे, आणि ते पुडा उचलतानाच घेतलेले हवे. घरी परतल्यावर जाग येऊन उपयोग नसतो. हे सर्व खरे असले तरी सोळा रुपयांच्या तक्रारीसाठी मजुरीचा एक दिवस बुडवणे शहाणपणाचे ठरत नाही, हे ग्राहकही जाणतो आणि दुकानही. एकाचे सोळा रुपये ही क्षुल्लक बाब. रोज हजार बिलांत तीच पट्टी लागू झाली तर ती क्षुल्लक राहत नाही. वैयक्तिक तक्रारीवर उभारलेली यंत्रणा अशा विखुरलेल्या नुकसानीपुढे थिटी पडते. वैध मापन निरीक्षक वजन तपासतो, पुड्यावरील मजकूर तपासतो, काट्यावरील शिक्का तपासतो. पट्टी आणि बिल ताडून पाहणे हे आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी त्याच्या यादीत घातलेले नाही.

अन्यत्र यावर जे उपाय झाले त्यांत दंडापेक्षा कल्पकता अधिक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याने बारकोडच्या आरंभकाळी, १९७६ साली, प्रत्येक नगावर किंमत लावण्याची सक्ती केली होती. २०११ साली ती सक्ती उठवताना फळीवरची किंमत पुरेशी मानली गेली. पण स्कॅनरने जास्त किंमत लावल्यास ग्राहकाला फरक आणि शिवाय फरकाच्या दहा पट, किमान एक व कमाल पाच डॉलर, बक्षीस मागता येते. ऑस्ट्रेलियातील मोठ्या दुकानांनी स्वेच्छेने स्वीकारलेल्या संहितेनुसार पट्टीपेक्षा जास्त किंमत लागलेला पहिला नग ग्राहकाला फुकट मिळतो. या दोन्ही योजनांत निरीक्षकही नाही आणि खटलाही नाही. विशेष म्हणजे गल्ल्यापाशी बोलणाऱ्याची लाज त्यांनी काढून टाकली. तेथे चूक दाखवणारा कटकट करणारा ठरत नाही, बक्षिसाचा हक्कदार ठरतो. महाराष्ट्रात असा प्रयोग करावयाचा तर कायदा बदलण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. साखळी दुकानांना तो स्वेच्छेने करता येईल. ते आपणहून करतील अशी आशा बाळगण्यास मात्र आजवरच्या अनुभवात फारसा आधार नाही.

मुंबई ग्राहक पंचायतीने याहून वेगळा मार्ग चोखाळला होता. शेजारच्या कुटुंबांचा संघ, महिन्याची यादी, घाऊक खरेदी आणि घराजवळ वाटप, अशा या पद्धतीत फळीही नाही आणि गल्लाही नाही. किंमत यादीवर आधीच ठरलेली असते, म्हणजे कायद्याच्या भाषेत ती खऱ्या अर्थाने ‘उभय पक्षांत ठरलेली’ असते. हिंजवडीच्या आसपास उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत व जुन्या गावठाणांतील बचत गटांत ही पद्धत रुजण्यास अनुकूल परिस्थिती आहे.

महाविद्यालयांच्या आवाक्यातील एक काम

फळीवरची किंमत किती वेळा चुकते याचे उत्तर अदमासाने देण्याची गरज नाही. ते मोजता येते. अमेरिकेतील वजन-मापे अधिकाऱ्यांच्या प्रमाण कार्यपद्धतीत दुकानातील ठरावीक वस्तूंचा नमुना घेऊन फळीवरची व गल्ल्यावरची किंमत ताडली जाते, आणि अचूकता ९८ टक्के वा अधिक असल्यास दुकान उत्तीर्ण ठरते. वाणिज्य, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना, राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीसह, हेच काम मुळशी तालुक्यात करता येईल. दुकानाच्या निरनिराळ्या भागांतून ५० वस्तू यदृच्छया निवडाव्यात. सवलतीच्या वस्तू वेगळ्या नोंदवाव्यात, कारण चुका तेथे अधिक संभवतात. प्रत्येक वस्तूसाठी छापील किंमत, फळीवरची किंमत, बिलातील किंमत आणि पट्टीवरील अटीची भाषा असे चार रकाने असावेत. कमी लागलेली किंमतही तितक्याच काटेकोरपणे नोंदवावी, अन्यथा चूक व लबाडी यांतील भेद कळणार नाही. संपूर्ण खरेदी न करता किंमत तपासण्यासाठी व्यवस्थापकाची पूर्वपरवानगी घ्यावी. ती नाकारली गेल्यास तेही नोंदवावे. तीच तपासणी पंधरवड्याने त्याच दुकानात पुन्हा करावी आणि पहिल्या वेळी दाखवून दिलेल्या पट्ट्यांपैकी किती बदलल्या ते पाहावे. पाचवा रकाना गावातील किराणा दुकानांसाठी ठेवावा : तेथे पट्टी नसते, म्हणून विचारलेला भाव आणि घेतलेला भाव.